सुनावणीत मी जे बोलले नाही

प्रमिलाताई, पडताना तू माझ्याकडे पाहिलंस.

मी कॅफेटेरियाच्या दारात उभी होते. शाळेत नेमलेल्या पोलिसाचं कोपर तुझ्या कपाळावर बसलं, तू बाजूला कोसळलीस, टेबलाच्या कडेवर तुझी भुवई फुटली. जमिनीवर पोचायच्या आधी तुझे डोळे थेट माझ्या डोळ्यांवर आले. मी पाहिलंय हे तुला कळलं, आणि तुला कळलंय हे मला कळलं. पुढचे सहा महिने ती नजर आपल्या दोघींमध्ये राहिली. मग एप्रिलमधल्या एका सकाळी, पहिली घंटा व्हायच्या आत, पार्किंग लॉटमध्ये गाडीचं दार उघडं टाकून तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म, शिक्षण, नोकऱ्या. ते तुझा भाऊ नागपूरहून पाठवेल. मला तुझ्याशीच बोलायचं आहे.

आधी ऑक्टोबरातल्या त्या दुपारचं सरळ सांगते, कारण तेव्हा ते मी कुणालाच सरळ सांगितलं नाही.

माझी सई आणि जनेल ही आफ्रिकन-अमेरिकन मुलगी, दोघीही नववीत, तुझ्या गणिताच्या वर्गात शेजारी शेजारी बसणाऱ्या. जनेलने प्रोजेक्टमध्ये आपलं कॉपी केलं, असं सईने चार मुलींना सांगितलं होतं. ते खोटं होतं. जनेल जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "माझ्या तोंडावर बोल." सई बोलली. तुझ्यासारख्यांना या शाळेत घेतातच कशाला, असं म्हणाली. माझ्या पोटच्या पोरीच्या तोंडून ते वाक्य मी दारातून ऐकलं. जनेलने तिचा ट्रे हाताने उडवला. सईने पाण्याची स्टीलची बाटली उचलली. भरलेली होती. ती तिने जनेलच्या तोंडावर फेकून मारली, हातभर अंतरावरून. जनेलचा ओठ फाटला, पुढच्या दाताचा तुकडा उडाला. मग जनेलने सईचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. दोनदा. सईच्या नाकातून भळाभळा रक्त आलं.

जनेलने मारलंच नाही असं मी म्हणणार नाही. तूही कधी म्हणाली नाहीस.

पण तू धावत आलीस आणि दोघींना सोडवलंस. त्या सुटल्या होत्या, ताई. जनेल तुझ्या पाठीमागे उभी होती, ओंजळीत रक्त थुंकत होती. भांडण संपलं होतं. तो पोलीस आला तो त्यानंतर. तू दोन्ही हात पुढे करून त्याला म्हणालीस, "झालं, झालं, सगळं शांत आहे." तो थांबला नाही. मध्ये तू होतीस, तर तुला कोपराने बाजूला फेकून तो तिच्यापर्यंत पोचला. त्याने जनेलचा उजवा हात पाठीमागे पिरगाळला आणि वर खेचला. खांदा निखळल्याचा आवाज मी दारात ऐकला. मग तिला पालथं पाडून पाठीवर गुडघा, हातात बेड्या. ती ओरडत होती, "माझा हात, माझा हात." चौदा वर्षांची मुलगी.

त्याच वेळी नर्स सईला खुर्चीवर बसवून नाकाला बर्फाची पिशवी लावत होती. तिला "हनी" म्हणत होती.

मी या देशात आले तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरी करायची परवानगी नव्हती. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर एकटी. नवरा, अजित, सकाळी सातला कार कंपनीत जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. तू मला देशी दुकानात भेटलीस, मेथीच्या जुड्या निवडताना. मी "तुम्ही, तुम्ही" करत होते. तू म्हणालीस, "काहून गं, मी काय तुझी सासू आहे? तू म्हण." पुढच्या रविवारी तू तुझ्या गाडीत मला ड्रायव्हिंग शिकवायला बसलीस. बर्फावर मी कचकन ब्रेक मारला आणि गाडी खड्ड्यात घातली. तू हसत खाली उतरलीस, टो ट्रक येईपर्यंत डब्यातला मुरमुऱ्याचा चिवडा खात उभी राहिलीस. वर्क परमिट आल्यावर शाळेतल्या अटेंडन्स ऑफिसातली नोकरी मला तूच लावून दिलीस. शाळा पलीकडच्या गावातली, पण तिथे नोकरी असल्यामुळे सईलाही तिथे घेतलं. माझ्या पायाखाली जमीन आणली असेल तर तू.

आणि त्या नोकरीवरूनच आपलं पहिलं भांडण झालं, आठवतं? मी हजेरीचे कोड टाकायची. आम्ही तीन आठवडे पुण्याला लग्नाला गेलो, तेव्हा अजितने एक ईमेल पाठवला आणि सईच्या नावापुढे "पूर्वपरवानगी" असं लागलं. जनेल आजीकडे राहायची. तिची आजी, मिसेस कोलमन, हॉस्पिटलच्या किचनमध्ये पहाटेची ड्युटी करायची, ती संपवून नातीला सोडायची. पाच-सात मिनिटं उशीर व्हायचा. त्याला मी "विनापरवानगी" लावायची. मग कॉम्प्युटर आपोआप आजीला कोर्टाची धमकी असलेलं पत्र काढायचा आणि मी ते पाकिटात घालायची.

तू काउंटरवर रेलून म्हणालीस, "तू हे काय करून राहिली?"

मी म्हटलं, "नियम आहे, ताई. मी नाही केलेला."

"पुण्याचं लग्न कोणत्या नियमात बसलं?"

मी म्हटलं, "आम्ही आधी कळवलं होतं." आणि हेही म्हटलं की इथे आपल्याकडच्यासारखं काही नाही, इथे सगळं सिस्टीमवर चालतं. "रजिस्टर तुझ्या हातात आहे म्हणून तुला दिसत नाही," म्हणालीस आणि वर्गावर गेलीस.

कॅफेटेरियातल्या त्या दुपारनंतरच्या नोंदीही माझ्याच हातच्या आहेत. सईला दोन दिवस "आजारी, रजा मंजूर". जनेलला दहा दिवस सस्पेन्शन आणि नंतर एक्सपल्शनची, म्हणजे शाळेतून काढून टाकायची, सुनावणी. कारणाच्या रकान्यात व्हाइस प्रिन्सिपलने सांगितलं ते मी टाइप केलं: शिक्षिकेवर हल्ला.

तू भुवईवर सात टाके घेऊन तिसऱ्या दिवशी कामावर आलीस. डोळा काळानिळा, अर्धा मिटलेला. "कोणत्या शिक्षिकेवर?" तू विचारलंस. मी स्क्रीनकडे बघत म्हटलं, "तुझ्यावर." तुला खरंच क्षणभर कळलं नाही. मग तू हातातला कॉफीचा मग काउंटरवर इतक्या जोरात आपटलास की कान तुटून पडला. तू शांत बाई आहेस असं मंडळात सगळे म्हणतात. त्यांनी तुला तेव्हा पाहिलं नाही.

तू लिहून दिलंस की मला त्या पोलिसाने पाडलं. जनेलने मला बोटही लावलेलं नाही. शाळेच्या वरिष्ठांनी ते वाचलं आणि फार सभ्यपणे सांगितलं की तुमच्या डोक्याला मार लागला होता, तेव्हा तुमच्या आठवणीवर अवलंबून राहता येणार नाही. कॅमेऱ्यात खांब आड येत होता. म्हणजे तुझी जखम पुरावा होती, पण तू साक्षीदार नव्हतीस.

तेव्हा तू माझ्या घरी आलीस. चहा घेतला नाहीस. "दारात कोण होतं ते मला आठवतं," एवढंच म्हणालीस.

मी अजितकडे पाहिलं. तो म्हणाला, "प्रमिलाताई, आमचं ग्रीन कार्ड अजून अडकलंय. सईच्या रेकॉर्डवर असॉल्ट लागलं तर पुढे कॉलेजचं काय? तुम्ही सईला लहानपणापासून बघताय."

"बघतेय ना. म्हणूनच आली," तू म्हणालीस.

सई जिन्यावर बसून ऐकत होती. नाकावर अजून पट्टी होती. मी तुला म्हटलं, विचार करते. विचार कसला करायचा होता मला? मी तेव्हाच ठरवलं होतं.

सुनावणी स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात झाली. एका बाजूला जनेल, हात गळ्यात अडकवलेला, ओठावर खपली. शेजारी मिसेस कोलमन, हॉस्पिटलच्या युनिफॉर्मवर कोट चढवून. वकील नव्हता. तू त्यांच्या बाजूला बसलीस. शाळेची एकच शिक्षिका त्या बाजूला. आधी जनेलची हजेरी वाचून दाखवली. उशीर, विनापरवानगी, उशीर, विनापरवानगी. मी टाकलेला एकेक कोड डिस्ट्रिक्टचा माणूस मोठ्याने वाचत होता, आणि दर ओळीला जनेलची मान थोडी खाली जात होती. "बेशिस्तीचा पॅटर्न," असं म्हणाला. मग मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं?

मी म्हटलं, "मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं."

इंग्रजीत किती छोटं वाक्य आहे ते. मी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. तू समोरच होतीस, टाके काढलेली भुवई, मधे केस नसलेली पांढरी रेघ. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. टेबलाखाली मिसेस कोलमनचा हात हातात घेतलास. अर्ध्या तासात निकाल. उरलेलं वर्षभर शाळेबाहेर. जनेल उठली, खुर्चीला लाथ घातली, आणि दारातल्या गार्डचा हात लगेच कमरेकडे गेला. मिसेस कोलमनने नातीला दोन्ही हातांनी कवटाळलं, स्वतःच्या अंगाने पूर्ण झाकलं आणि तशीच बाहेर नेली. गोळी लागली तर आपल्याला लागावी, अशी नेली.

पार्किंग लॉटमध्ये मी तुझ्या मागे धावले. मला तू ओरडायला हवी होतीस. तू गाडीला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आमच्या गावच्या शाळेत मास्तर सगळ्यांना हाताने मारत. कान पिळत, थोबाडीत देत. मला मात्र डस्टर फेकून मारत. लाकडी. त्यांना मला मारायचं तर होतं, पण शिवायचं नव्हतं. एकदा डोक्यात लागलं, खोक पडली. आणि वर्गातली मुलं मास्तरला डस्टर उचलून आणून देत. रोज. तीही काही वाईट नव्हती."

मला ते लागलं. मी म्हटलं, "तुला प्रत्येक गोष्टीत तेच दिसतं. इथे मला एक मुलगी वाढवायची आहे."

"मिसेस कोलमनलाही," तू म्हणालीस आणि गाडीत बसलीस.

त्यानंतर तू माझ्याशी वाईट वागली असतीस तर बरं झालं असतं. तू काउंटरवर यायचीस, स्लिपा घ्यायचीस, "गुड मॉर्निंग" म्हणायचीस. मराठी बंद. सईला तू तेवढंच नीट शिकवलंस, तिच्या पेपरात चूक नसताना एक मार्कही कापला नाहीस. ती रोज वर्गातून चेहरा पाडून यायची. मी विचारलं तर म्हणायची, "नथिंग, मॉम." मी खोदून विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले. खिडकीपाशी तू आणि जनेल. तू तिला समीकरणं शिकवत होतीस. ती डाव्या हाताने लिहीत होती, कारण उजव्याने लिहिलं की खांद्यात कळ यायची. आकडे वाकडेतिकडे यायचे, ती चिडून पेन्सिल मोडायची. तू दुसरी द्यायचीस. ती म्हणाली, "मला त्यांना मारावंसं वाटतं. सगळ्यांना." तू तिला गप्प केलं नाहीस. "मलाही वाटतं," म्हणालीस. "आता हे सोडव." मी शेल्फाआड उभी होते. चार पावलं होती. मी पुस्तकं पेटीत टाकली आणि बाहेर पडले. एप्रिलपर्यंत माझ्याकडे कितीतरी शनिवार होते, ताई.

तुझ्या अंत्यविधीला फ्युनरल होमच्या छोट्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली. फोनच्या पडद्यावर नागपूरहून तुझा भाऊ. आपल्या वीसेक लोकांत दोघी वेगळ्या, मिसेस कोलमन आणि जनेल. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. त्रिशरणाच्या वेळी जनेलने शेजारच्या काकूंचं बघून हात जोडायचा प्रयत्न केला. उजवा हात पोटापर्यंत आला आणि थांबला. मिसेस कोलमनने तिचं कोपर खालून धरलं.

मी कॉरिडॉरमध्ये त्यांच्यासमोर गेले. काय म्हणायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, "त्या दिवशी मी दारात होते. मी सगळं पाहिलं. आधी माझ्या मुलीने मारलं. प्रमिलाताईंना पोलिसाने पाडलं."

जनेलने विचारलं, "तुम्ही पाहिलं होतं?"

"हो."

तिने डाव्या हाताने जवळच्या टेबलावरची काचेची फुलदाणी उचलली आणि फेकली. माझ्या कानाला घासून ती भिंतीवर फुटली. पाणी, फुलं, काचा. कानावरून गरम काहीतरी मानेवर ओघळलं. तिथला माणूस धावत आला, हातात फोन. त्याने माझ्याकडे नाही, जनेलकडे पाहिलं. "पोलिसांना बोलवू का?"

मी म्हटलं, "नको. माझ्या हातून पडली."

तो गेला. मिसेस कोलमनने पर्समधून रुमाल काढून माझ्या कानावर दाबला, फार जोरात दाबला, दुखेल असा. हळू आवाजात म्हणाली, "हे खोटं तुम्हाला फुकटात पडलं, बाई. जिथे खरं बोलायला हवं होतं तिथे जा. माझ्या पोरीचा हात अजून वर जात नाही."

त्या रात्री मी सईला सांगितलं की मी शाळांच्या बोर्डासमोर बोलणार आहे. अजित उठून गेला. सई रडली नाही. म्हणाली, "मी प्रमिलामावशीला जानेवारीतच सांगितलं होतं. की बाटली मी फेकली, आणि मी तिला काय बोलले ते."

"मग काय म्हणाली ती?"

"म्हणाली, मला माहीत आहे. बस, रडून घे. मग म्हणाली, आई विचारेल तेव्हा आईला सांग." सईने माझ्याकडे पाहिलं. "यू नेव्हर आस्क्ड, मॉम."

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. तुझ्याजवळ माझ्या मुलीचा कबुलीजबाब होता आणि तू तो वापरला नाहीस. पोरीला आईच्या विरोधात उभं केलं नाहीस. कित्येकदा मला याचा रागही येतो. वापरायचा होतास, ताई. मला केसांना धरून तिथे न्यायचं होतंस. जनेलचे तीन महिने वाचले असते. यावर तुझ्याशी भांडायचं राहून गेलं.

मी बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलले. तीन मिनिटं मिळतात. सुनावणीत मी खोटं बोलले, असं सुरुवातीलाच म्हटलं, मग बाटली, मग पोलिसाचं कोपर, मग खांदा. हजेरीचे कोडही सांगितले: पुण्याचं लग्न आणि हॉस्पिटलचं किचन. मागून कुणीतरी आपल्यातलंच म्हणालं, "हिला काय गरज होती?" दुसऱ्या दिवशी मला अटेंडन्स ऑफिसातून काढून गोदामात वह्यापुस्तकांच्या पेट्या मोजायला बसवलं. अजित अजून कामापुरतंच बोलतो.

मे संपता संपता जनेलच्या रेकॉर्डवरून "शिक्षिकेवर हल्ला" ही ओळ काढली आणि एक्सपल्शन मागे घेतलं. वर्षाचे नऊ दिवस उरले होते. जनेलने परत यायला नकार दिला. पुढच्या वर्षी ती आजीच्या बहिणीकडे टोलेडोला शिकेल. खांद्याचं ऑपरेशन आहे. तो पोलीस दुसऱ्या शाळेत आहे. सईने जनेलला पत्र लिहिलं. जनेलने ते वाचलं, एवढं मिसेस कोलमनने कळवलं. उत्तर आलेलं नाही आणि ते यावं असं मी सईला म्हणत नाही.

एक राहिलं. परवा सईने हट्ट धरला म्हणून मी तिला घेऊन व्हाइस प्रिन्सिपलकडे गेले. सई त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाटली मी फेकली. आधी मी मारलं. माझ्या रेकॉर्डवर लिहा."

तो हसला. चांगला माणूस आहे, त्याच्या टेबलावर त्याच्या मुलींचे फोटो आहेत. म्हणाला, "सई, तू गुणी मुलगी आहेस. एका वाईट दिवसावरून कुणाचं भविष्य ठरवायचं नसतं."

सई म्हणाली, "पण तुम्ही ठरवलंत."

त्याने पेन उचललं नाही. तिने पुन्हा म्हटलं, "लिहा." तिसऱ्यांदा ती किंचाळली, टेबलावर मूठ मारली, फोटो आडवे पडले. मी दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही. कुणाचा हात कमरेकडे गेला नाही. त्याने फोटो सरळ केले, तिला टिश्यूचा खोका दिला, उठून आमच्यासाठी दार उघडून धरलं आणि म्हणाला, "घरी जा, बेटा. उद्या तुझी गणिताची टेस्ट आहे ना? नीट झोप."